रंगीत बिस्किटांचा शनिवार

कोंबडीची चोच साच्यातच राहिली. उरलेली कोंबडी मी सुरीच्या पात्यावर अलगद उचलली, तर तिची मानही लांबली. एप्रिल महिना, दुपारचे अडीच वाजलेले, आणि मैद्याच्या गोळ्यातलं लोणी हात लावीन तिथे पातळ होत होतं.

"हिचं बदक झालं," ओट्याच्या टोकाशी उभी असलेली केतकी म्हणाली.

ती हे मला म्हणाली नव्हती, बदकाला म्हणाली होती. पण मी ते माझ्या खात्यावर धरलं.

"मग बदकच असू दे," मी म्हटलं. "गोळा परत फ्रिजमध्ये ठेवू या. घट्ट होईल."

तिने गोळा उचलला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि फ्रिजमध्ये ठेवून आली. मग फ्रिजच्या दाराला टेकून उभी राहिली.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. आमचे हे, सुधाकर म्हापसेकर, कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. हंगामाचे शेवटचे दिवस होते. मळीचा आंबटगोड वास दिवसरात्र घरात भरून असायचा. उशांना यायचा, केसांना यायचा. दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीतून आलेली काळी काजळी हलकेच येऊन बसायची. मला लग्न होऊन या घरात आठ महिने झाले होते. लग्नात मी तेहतीस वर्षांची होते.

माझं माहेर सावंतवाडीचं, लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांचं. दहाव्या वर्षापासून मी लाकडी आंबे, केळी आणि सीताफळं रंगवत आले. सव्विसाव्या वर्षी एक मोठं ऑपरेशन झालं आणि मला मूल होणार नाही हे ठरलं. त्यानंतर स्थळं यायची थांबली. शेवटी हे आले. बायको दोन वर्षांपूर्वी काविळीने गेलेली, पदरात मुलगी. मला मूल होणार नाही हे त्यांना चालणार होतं, आणि त्यांना मूल आहे म्हणून मी हो म्हटलं. हे शेवटचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

केतकी नऊ वर्षांची होती. हट्टी नव्हती, उद्धट नव्हती. फक्त ती मला कुठलीच हाक मारायची नाही. "वेणी घालायची आहे," असं ती दाराला सांगायची. "वही संपली आहे," हे भिंतीला. मी वेणी घालायची, वही आणायची. 'काकू' म्हटलं असतं तरी मला पुष्कळ होतं.

दर उन्हाळ्यात ती बेळगावला तिच्या मावशीकडे जायची. त्या वर्षी गुरुवारी जेवताना ह्यांनी सांगून टाकलं, "केतू, या सुट्टीत इथेच राहायचं. आता घरात माणूस आहे. मी शुभदामावशीला पत्र टाकलंय. ती रविवारी येऊन तुला भेटून जाईल."

केतकीने पानातली भाजी संपवली, ताट मोरीत ठेवलं आणि खोलीत गेली. रडली नाही. मला आत कुठेतरी बरं वाटलं, हेही सांगायला हवं. दोन महिने ती माझीच राहणार होती.

शनिवारी सकाळी माळ्यावरून मोठी परात काढताना हाताला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन लागला, झाकणावर बशीएवढी काच असलेला. त्याच्या पोटात कागदात बांधलेले पत्र्याचे साचे होते. मासा, कोंबडी, हत्ती, चांदणी. दुकानातली चिठ्ठी अजून त्यांना चिकटलेली होती. वंदनाने, केतकीच्या आईने, ते म्हापशाच्या बाजारातून आणले होते. वापरायचे राहून गेले होते.

मी ओव्हन खाली आणला नाही. शिडीवरूनच केतकीला विचारलं, "काढू का हा?"

ती बराच वेळ वर बघत राहिली.

"काढायला हरकत नाही," ती म्हणाली.

बिस्किटांची मापं मला माहीत होती. आमच्या शेजारच्या रोझीबाय नाताळात करायच्या. लोणी आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची, मैदा चाळून घालायचा, चिमूटभर मीठ, थेंबभर व्हॅनिला. मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. केतकीने पिठीसाखर चाळली. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या, पण तिने त्या पुसल्या नाहीत.

गोळा घट्ट झाल्यावर आम्ही घाई केली. मी लाटायची, ती साचा दाबायची, मी उचलायची. बदक, दोन मासे आणि एक हत्ती ताटलीवर ठेवून ओव्हनमध्ये सरकवले, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

मग दोघी काचेवर वाकलो. आत तारेचा लाल उजेड होता. त्या उजेडात बदक आधी चमकलं, मग त्याच्या कडा मऊ झाल्या, मग ते झोपेत श्वास घेतल्यासारखं हळूच फुगलं. केतकीचं डोकं माझ्या डोक्याला लागलं होतं. तिच्या केसांना मळीचा आणि साखरेचा वास होता. बाहेर कारखान्याची घरघर चालू होती. आपण दोघी कुठल्या तरी तळ्याच्या काठी बसलोय आणि तळाशी काहीतरी हळूहळू जागं होतंय, असं मला वाटत राहिलं. मी हललेसुद्धा नाही.

"हत्ती जाड होतोय," ती कुजबुजली.

"होऊ दे. हत्तीच आहे."

चार खेपा झाल्या. बिस्किटं वर्तमानपत्रावर गार व्हायला ठेवली, आणि मी ट्रंकेतून दोन कोरे ब्रश काढले, बारीक टोकाचे. पिठीसाखर दुधात घट्ट कालवली, लिंबाचे दोन थेंब टाकले आणि पाच वाट्या केल्या. खायच्या रंगांच्या बाटल्यांतून गुलाबी, हिरवा, पिवळा, निळा. एक वाटी पांढरीच ठेवली.

"ब्रश उभा धरायचा," मी तिला दाखवलं. "रंग ओढायचा नाही. त्याला चालू द्यायचं, आपण फक्त सोबत जायचं."

ती पटकन शिकली. हत्तीला तिने गुलाबी केलं आणि त्यावर हिरव्या ठिपक्यांचा लेंगा चढवला. बदकाला शाळेतल्या बाईंचा चष्मा लावला. एका माशाला तिने झुपकेदार मिशा काढल्या.

"हे कोण?" मी विचारलं.

"लॅबमधले साठेकाका."

मी हसले, आणि मग तीही हसली. त्या घरात मी तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. थोडं घोगरं होतं. मी दुसऱ्या माशाला टोपी घातली, तिने त्या टोपीवर पक्षी बसवला. निळी कोंबडी झाली, झोपलेली चांदणी झाली, दात घासणारा हत्ती झाला. ऊन खिडकीतून ओट्यावर आलं, मग ओट्यावरून जमिनीवर उतरलं. आम्ही जमिनीवर बसून रंगवत होतो. वेळ कसा गेला ते कळलंच नाही. जिंकले, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं.

मग मला दिसलं की तिने सगळ्यांत सुंदर बिस्किटं एका बाजूला काढली आहेत.

"ही कोणासाठी?"

"मावशीला."

"उद्या त्या येतायतच की. इथेच खातील."

ती चांदणीच्या डोळ्याला पापण्या काढत राहिली. मग म्हणाली, "तिकडे नेली असती."

मला ते टोचलं. "बेळगावला एवढं काय आहे गं?" मी विचारलं. "खेळायला मुलं आहेत?"

"नाहीत."

"मावशी लाड करते?"

"ओरडतेच जास्त."

"मग?"

तिने ब्रश पाण्यात बुडवला. पाणी निळं होईपर्यंत बघत बसली.

"तुम्ही कोणाला सांगाल?" तिने विचारलं. तुम्ही, असं तिने प्रथमच म्हटलं होतं.

"नाही."

"बाबांनाही नाही. मावशीला तर नाहीच."

"नाही सांगणार."

"मावशी ओट्याशी पाठमोरी उभी राहिली ना, की ती आई असते." ती हळू आवाजात, घाई न करता सांगत होती. "वेणी तशीच आहे. आणि असा एक पाय दुसऱ्या पायावर ठेवते. मी मागे पाटावर बसते. बोलत नाही काही. मग ती वळते आणि मावशी होते. पण भाकऱ्या करायला खूप वेळ लागतो."

मी माझा ब्रश वाटीत ठेवला.

"आईचा चेहरा फोटोत आहे," ती म्हणाली. "पाठ नाहीये कुठल्या फोटोत."

"मावशीला का नाही सांगायचं?"

"सांगितलं तर ती सारखी वळून बघेल."

तिने ब्रश पुन्हा उचलला आणि पापण्या पुऱ्या केल्या. माझ्या हातातल्या हत्तीचा रंग एव्हाना सुकून गेला होता.

संध्याकाळी हे आले तेव्हा केतकी आतल्या खोलीत बिस्किटं डब्यात भरत होती. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "अहो, केतकीला जाऊ द्या बेळगावला."

त्यांनी चपला काढता काढता वर पाहिलं. "ती काही बोलली का?"

"नाही."

"मग? हे सगळं मी तुझ्यासाठी करतोय. ती दरवर्षी तिकडे गेली तर तुला तिचा लळा कसा लागणार? मी लॅबमध्ये चारचौघांना सांगून टाकलंय, या वर्षी मुलगी घरी आहे म्हणून. खुशीत होतो मी."

मला ते माहीत होतं. मी चहाकडे बघत होते. खरं कारण माझ्या जिभेवर होतं. तेवढं सांगितलं असतं तर त्यांनी तिला त्याच क्षणी पाठवलं असतं. पण मग त्यांनी दुसऱ्या दिवशी शुभदाला सांगितलं असतं, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं असतं, आणि ती प्रत्येक भाकरीला वळून बघत राहिली असती.

"मलाच जरा एकटीला राहायचंय," मी म्हटलं. "आठ महिने सारखं तिच्या मागे असते मी. थकलेय."

चहा उकळला, मी गॅस बारीक केला.

"आठ महिन्यांत थकलीस," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं होतं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. कप उचलला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. आतल्या खोलीत डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मधलं दार उघडंच होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

शुभदा रविवारी सकाळी अकराच्या गाडीने आली. उंच, सावळी, शाळेत शिकवणारी बाई. ह्यांनी तिला फाटकापाशीच सगळं सांगितलं असावं, कारण ती आत आली तेव्हा तिचा चेहरा बंद झालेला होता.

"नमस्कार," ती मला म्हणाली. "मुलीचं सामान भरलंय का?"

"भरलंय. बसा ना. बिस्किटं घ्या, केतकीने रंगवलीत."

तिने मिशांचा मासा हातात घेतला, बघितला, आणि तिला हसू आलं. ते तिने लगेच आवरलं. चहाबिस्किटं झाल्यावर कप विसळायला ती स्वतःच उठून ओट्याशी गेली. मी "असू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत तिने नळ सोडला होता.

केतकी पाटावर बसली होती. ती खायची थांबली.

नळाचं पाणी पडत होतं. लांब वेणी पाठीवर होती, साडीचा पदर कमरेला खोचलेला होता, आणि डावा पाय उचलून उजव्या पावलावर टेकवलेला होता. खिडकीतून येणारा उजेड तिच्या खांद्यांच्या कडेने पसरला होता. वंदनाला मी जन्मात कधी भेटले नव्हते. त्या दिवशी तिला पहिल्यांदा पाहिलं.

मी हलकेच बाहेर आले. कप ठेवायला हे आत निघाले होते, त्यांच्या हातातून कप घेतला आणि त्यांना म्हटलं, "जरा रिक्षाचं बघता का?" ते माझ्याकडे न बघता वळले. आत नळ चालूच होता. एक कप विसळायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो चालू होता. तिने बाकीची भांडीही घासायला घेतली होती.

बेळगावची गाडी फाट्यावर थांबायची. आम्ही चौघं लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. केतकीच्या हातात बिस्किटांचा डबा होता. गाडीची धूळ दिसली तेव्हा शुभदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक विचारू, हेमाताई? राग मानू नका. जूनमध्ये हिला परत आणून सोडू, की तोवर तुमचा थकवा जाणार नाही?"

"ती म्हणेल तसं करा," मी म्हटलं.

"ती लहान आहे."

"तरी तिलाच विचारा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. केतकी गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. तिने बाबांना हात केला. मग माझ्याकडे बघत राहिली, हात न हलवता, गाडी वळेपर्यंत.

घरी परत येताना वसाहतीच्या फाटकाशी मला रडू आलं, आणि हे बघत नाहीत तोवर मी डोळे पुसून घेतले.

जूनमध्ये केतकी आली नाही. इथेच शिकायचंय, असं तिने आपल्या हाताने बाबांना लिहिलं. पाचवी, सहावी, सातवी ती बेळगावला शिकली. दिवाळीला चार दिवस यायची. ह्यांनी मला कधी वेडंवाकडं बोलून दाखवलं नाही, ते तसे नव्हतेच. फक्त केतकीचं पत्र आलं की ते व्हरांड्यात वाचायचे आणि घडी करून खिशात ठेवायचे. "बरी आहे," म्हणायचे. "हेमाकाकींना नमस्कार लिहिलाय." पत्र माझ्या हातात द्यायचे नाहीत. मी मागायची नाही. मी पुन्हा लाकडी फळं रंगवायला लागले. सावंतवाडीहून कोरी यायची, मी रंगवून पाठवायची. दुपार जायची.

सातवीची परीक्षा संपल्यावर ती अचानक आली. एकटी, पत्र्याची ट्रंक घेऊन, फाट्यावरून चालत. बारा वर्षांची होती, पण माझ्या खांद्याला लागत होती.

"आठवी इथे करणार आहे," तिने दारातच सांगितलं. ह्यांनी तिच्या हातातून ट्रंक घेतली आणि तीन वर्षांत पाहिला नव्हता असा चेहरा करून आत गेले.

जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "मावशी रागावली का?"

"नाही. रडली थोडी. मग सोडायला आली स्टँडवर." ती भात कालवत होती. "तिकडचं माझं पाहून झालं, बाबा."

"काय पाहून झालं?"

मी वाढायचा चमचा हातात धरून उभी होते. केतकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने सगळं सांगितलं, पाट, ओटा, वेणी, पायावर ठेवलेला पाय, जसं मला सांगितलं होतं तसंच. आता तसं काही होत नाही, असंही सांगितलं. मावशी पाठमोरी उभी राहिली तरी मावशीच असते. गेल्या पावसाळ्यापासून.

"आणि हे ह्यांना माहीत होतं," माझ्याकडे मान वळवून ती म्हणाली. "त्या शनिवारीच मी सांगितलं होतं. त्या थकल्या-बिकल्या नव्हत्या. मी आतून ऐकत होते."

ह्यांचा हात ताटावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिले.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "एकदा तरी मला सांगायचंस."

मी काही म्हणणार, तेवढ्यात केतकी म्हणाली, "कसं सांगतील? कोणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं."

आणि तिने भातासाठी ताट माझ्या पुढे केलं.